झेरॉक्सवाल्यांच्या गप्पा आणि आपली प्रश्नावली

मागच्या वर्षी प्रश्नावलीची पायलट घ्यायला मी एका कार्यालयात गेले होते. विषय होता कर्मचाऱ्यांमधील ज्ञानाची देवाणघेवाण. पाच पर्यायांची लिकर्ट श्रेणी, २४ विधानं आणि सोबत गाईडच्या सहीचं पत्र. सातवं विधान असं होतं: 'मी माझ्याकडील ज्ञान सहकाऱ्यांना देतो/देते.' कागद परत आले तेव्हा जवळपास सगळ्यांनी त्यापुढे 'पूर्णपणे सहमत' वर खूण केलेली. मी खूश! एकच कागद वेगळा होता, त्यावर 'तटस्थ' होतं.

तो कागद आस्थापना शाखेतल्या एका काकांचा होता. आणि गंमत बघा, मी तिथे जेवढा वेळ बसले होते तेवढ्या वेळात त्यांच्या टेबलाशी माणसं येतच होती. सेवापुस्तकात अमुक नोंद कशी घ्यायची, वेतननिश्चितीचा प्रस्ताव कशामुळे परत आला असेल, नव्या साहेबांना टिपणी कशी लिहिलेली चालते. कोणी फाईल घेऊन यायचं, कोणी उभ्या उभ्या विचारून जायचं. मला राहवेना. म्हटलं, 'काका, तुम्ही तटस्थ का लिहिलंत?' तर म्हणाले, 'अहो मॅडम, मी कुठे कुणाला ज्ञान देतो? ते विचारतात, मी सांगतो.'

(काकांना विचारूनच हे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माझ्या मोजपट्टीवर त्या कार्यालयातला सगळ्यात कमी 'ज्ञान देणारा' माणूस म्हणजे हे काका ठरत होते. चूक काकांची नव्हती. चूक विधानातही नव्हती खरं तर, ती त्यामागच्या माझ्या समजुतीत होती. ज्ञान म्हणजे डब्यातला लाडू, कोणी मनाचा मोठेपणा दाखवून तो पुढे करतो आणि असे मोठ्या मनाचे लोक एकमेकांशी जोडले गेले की जाळं तयार होतं, असं मी धरून चालले होते. तुमच्यापैकी जे या विषयावर सिनॉप्सिस लिहिताय त्यांच्याही डोक्यात बहुधा हेच असणार, कारण आपण सगळे त्याच पाच-सहा पेपरांमधून विधानं उचलतो.

या गोंधळातून मला ज्या पुस्तकाने बाहेर काढलं आणि नंतर ज्या पुस्तकाशी माझं भांडणही झालं, त्याबद्दल आज लिहायचंय. ज्युलियन ऑर यांचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स'. प्रकाशन १९९६, कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकाशनाचं. १९९० साली त्याच विद्यापीठात केलेल्या पीएचडीवर ते आधारलेलं आहे.

आधी थोडं, ऑर कोण ते. हे गृहस्थ मानववंशशास्त्रज्ञ. पण त्याआधी त्यांनी स्वतः तंत्रज्ञ म्हणून काम केलेलं. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ते होते आणि त्यांनी अभ्यासाला निवडले ते कंपनीचेच दुरुस्तीवाले. म्हणजे ग्राहकाच्या कार्यालयात जाऊन बंद पडलेलं कॉपी मशीन चालू करून देणारी माणसं. आपल्याकडे विद्यापीठाच्या गेटबाहेरची ती दुकानं आणि 'इंजिनिअरला फोन केलाय, येईल' हे वाक्य तुम्हाला माहीत आहेच. मराठीत आपण कंपनीचं नाव क्रियेलाच देऊन टाकलंय, कुठल्याही कंपनीच्या मशीनवर आपण 'झेरॉक्स'च काढतो. तेव्हा हे पुस्तक आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.

ऑर यांनी प्रश्नावली वाटली नाही. कंपनीचं दुरुस्तीचं प्रशिक्षण त्यांनी स्वतः घेतलं, मग १९८०च्या दशकात ते या लोकांबरोबर फिरले. गाडीत बसले, ग्राहकांकडे गेले, नाश्त्याला आणि जेवायलाही बरोबर होते. टिपणं काढली, संभाषणं ध्वनिमुद्रित केली. आणि त्यांना जे दिसलं ते कंपनीच्या कल्पनेपेक्षा फार वेगळं होतं.

कंपनीची कल्पना अशी: मशीन एक त्रुटी-क्रमांक दाखवतं. तंत्रज्ञाने मॅन्युअल उघडायचं, त्या क्रमांकापुढच्या पायऱ्या एकेक करत जायचं. हे तपासा, बरोबर असेल तर पुढे, नसेल तर अमुक भाग बदला. पायऱ्या नीट पाळल्या की मशीन चालू. ते का चालू झालं हे तंत्रज्ञाला कळायची गरज नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्याने सगळा विचार आधीच करून ठेवलाय, तंत्रज्ञाने फक्त हात चालवायचे. आणि प्रत्येक जण आपापल्या ग्राहकाकडे एकटा जातो, त्यामुळे हे काम एकट्याचं.

प्रत्यक्षात काय होतं? मशीन जुनं असतं, कुठलं दमट खोलीत असतं, कुठलं कोणीतरी चुकीचं वापरलेलं असतं. मॅन्युअल लिहिणाऱ्याला माहीतच नसलेल्या तऱ्हांनी ते बिघडतं. पुस्तकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग इथलाच आहे. मशीन जो त्रुटी-क्रमांक दाखवतंय तो आणि मशीनचं वागणं यांचा मेळ बसत नाही. सांगितलेला भाग बदलून उपयोग होत नाही. तंत्रज्ञ आपल्याहून अनुभवी अशा तज्ज्ञाला बोलावतो. त्यालाही उलगडा होत नाही. मशीनच बदलून द्या असं सांगता आलं असतं, पण मग ग्राहकापुढे अब्रू जाते. तेव्हा ते दोघं काय करतात, तर मशीन चालवून बघत राहतात आणि एकमेकांना गोष्टी सांगत राहतात. 'तिकडे एकदा असं झालं होतं, तेव्हा क्रमांक वेगळाच दाखवत होतं.' 'हो, पण त्यात कागद अडकत नव्हता.' एकाची गोष्ट दुसऱ्याच्या गोष्टीला टेकते, मशीनवर नवीन चाचणी होते, त्यातून पुढची गोष्ट आठवते. असं करत करत दोघं मिळून बिघाडाची एक सुसंगत हकिगत रचतात आणि मशीन दुरुस्त होतं. मग ती हकिगत नंतर जेवताना, गप्पा मारताना इतर तंत्रज्ञांना सांगितली जाते, त्यात कोणी भर घालतं, आणि पुढच्या वेळी तसा बिघाड आला की ती कुणाच्या तरी कामी येते.

हा प्रसंग वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. कोणी कुणाला 'ज्ञान देत' नाहीये. उत्तर दोघांपैकी एकाकडेही नव्हतं. ते बोलण्यातून तयार झालं. तुम्ही जर नंतर त्या दोघांना माझं सातवं विधान दिलं असतं तर त्यांनी कशावर खूण केली असती? कदाचित तेही 'तटस्थ' म्हणाले असते.

ऑर यांचा मुख्य मुद्दा हाच आहे, आणि तो तीस वर्षांनंतरही ताजा वाटतो: बोलणं हे कामाच्या मधली सुट्टी नाही, बोलणं हेच काम आहे. जाळं तयार होतं ते अडचणीभोवती. मॅन्युअल अपुरं, मशीन लहरी, ग्राहक डोक्यावर उभा. या तीन गोष्टी नसत्या तर हे लोक नाश्त्याला एकत्र जमले नसते. निदान जमून मशीनबद्दल बोलत बसले नसते.

आता या पुस्तकाचं पुढे काय झालं ते बघा, कारण संशोधनात एखाद्या ग्रंथाचं काय होतं हेही आपल्याला शिकायचंय. पुस्तक यायच्या पाच वर्षं आधीच, १९९१ साली, जॉन सीली ब्राउन आणि पॉल डुगिड यांनी ऑर यांच्या अभ्यासावर आधारलेला एक लेख 'ऑर्गनायझेशन सायन्स'मध्ये लिहिला. त्याच वर्षी जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांचं शिकण्याबद्दलचं छोटं पुस्तक आलं, ज्यातून 'व्यवसायबंधूंचा समूह' अशा अर्थाची संज्ञा सगळीकडे गेली. ब्राउन-डुगिड यांनी दोन्ही जोडलं. लेख उत्तम आहे, जरूर वाचा. पण मूळ पुस्तक येण्याआधीच त्याचा सारांश लोकप्रिय झाला आणि मग बहुतेक जण सारांशावरच थांबले. पुढे व्यवस्थापनवाल्यांच्या हाती त्या सारांशाचाही सारांश आला: लोक गप्पांमधून शिकतात, सबब गप्पांची सोय करा. कॉफी मशीन ठेवा, सोफे मांडा, गुरुवारी दुपारी 'नॉलेज शेअरिंग सेशन' ठेवा.

मी अशी एक गुरुवारची बैठक पाहिली आहे. एक जण पीपीटी दाखवत होता आणि बाकीचे टेबलाखाली मोबाइल बघत होते. गप्पांची सोय होती, फक्त अडचण कुणालाच नव्हती.

म्हणून माझा पहिला सल्ला: लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ऑर यांचं नाव 'अनौपचारिक संवादाने ज्ञान वाढतं' या वाक्याच्या शेवटी कंसात टाकू नका. ते तसं म्हणतच नाहीत. त्यांचं म्हणणं असं की विशिष्ट प्रकारचं काम, जिथे लिखित सूचना अपुऱ्या पडतात आणि तरी निकाल द्यावाच लागतो, ते काम बोलल्याशिवाय होतच नाही. तुम्ही ज्या संस्थेत जाणार आहात तिथलं काम त्या प्रकारचं आहे का, हे आधी तपासावं लागेल. जिथे काम खरंच पायऱ्या पाळून होतं तिथे जाळं विरळ असेल, आणि ते विरळ असणं हा दोष असेलच असं नाही.

आता भांडण.

पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना मला एक गोष्ट टोचायला लागली. ऑर यांच्या दुरुस्तीवाल्यांना विचारायची लाज कशी वाटत नाही? 'मला हे मशीन कळत नाहीये' असं ते एकमेकांसमोर सहज म्हणतात. आपल्या कार्यालयांत असं म्हणता येतं का? तुम्हीच तुमच्या विभागात शेवटचं कधी म्हणालात की मला रिग्रेशन कळत नाही? आरआरसीसमोर तर सोडाच, कॅन्टीनमध्ये तरी?

ऑर इथे फार थांबत नाहीत. गोष्ट सांगताना तंत्रज्ञ आपलं कौशल्यही मिरवतो, गोष्टींमधून तो 'आपण कोण' हे ठरवतो, हे ते छान दाखवतात. पण विचारण्याची किंमत त्यांच्या पुस्तकात जवळजवळ दिसत नाही. मला वाटतं त्याचं कारण त्यांच्या क्षेत्रातच आहे. तिथे दोष मशीनच्या नावावर जातो. मशीन कुणालाही चकवू शकतं, हे सगळ्यांना मान्य आहे. त्यामुळे 'मला कळलं नाही' म्हणजे 'मी कच्चा आहे' असं होत नाही. उलट जितका अवघड बिघाड तितकी सांगायला गोष्ट चांगली. शिवाय ऑर स्वतः त्या धंद्यातले होते, त्या लोकांबद्दल त्यांना प्रेम आहे, आणि ते पानोपानी जाणवतं. प्रेमाने लिहिलेल्या पुस्तकात कधीकधी हिशेब राहून जातात.

तो हिशेब मला सापडला जुन्या एका पुस्तकात. पीटर ब्लाऊ, 'द डायनॅमिक्स ऑफ ब्युरोक्रसी', १९५५. ग्रंथालयात धूळ खात असतं, सिनॉप्सिसमध्ये सहसा कोणी घेत नाही कारण 'जुनं' आहे. मी म्हणेन, ऑर यांच्या आधी नाही तर निदान लगेच नंतर हे वाचा.

ब्लाऊ यांनी अमेरिकेतल्या एका केंद्रीय कार्यालयाचा अभ्यास केला. १६ निरीक्षक आणि त्यांच्यावर एक पर्यवेक्षक. निरीक्षकांनी कंपन्यांमध्ये जाऊन कायद्याचं पालन होतंय का हे तपासायचं, हिशेब बघायचे, अहवाल लिहायचा. नियम असा की काही अडलं तर पर्यवेक्षकालाच विचारायचं, सहकाऱ्यांना नाही. पण पर्यवेक्षकाला सारखं विचारणं म्हणजे आपला कच्चेपणा त्याच्याच समोर उघड करणं, जो आपला गोपनीय अहवाल लिहिणार. (गोपनीय अहवाल हा शब्द माझा, पण तुम्हाला कळलंच असेल.) त्यामुळे नियम मोडून सगळे एकमेकांनाच विचारायचे.

इथून पुढे ब्लाऊ जे सांगतात ते मला अफलातून वाटतं. विचारणं हा व्यवहार आहे, म्हणतात ते. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, पण त्या बदल्यात तो समोरच्याला 'तू माझ्यापेक्षा हुशार' हे देऊन बसतो. सांगणाऱ्याला मान मिळतो, पण त्याचा वेळ जातो. सुरुवातीला मान गोड लागतो. मग सगळेच विचारायला लागले की त्या मानाची गोडी उतरते आणि वेळ जास्त महाग होतो. विचारणाऱ्यालाही सारखं कमीपणा घेणं जड जातं. मग होतं काय, तर साधारण सारख्या कुवतीचे दोघं दोघं जोड्या जमवतात. आज मी तुला विचारलं, उद्या तू मला विचार, कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. आणि सगळ्यात हुशार माणसाकडे फक्त अगदी अवघड प्रश्न घेऊन जायचं.

जाळं कसं तयार होतं याचं इतकं साधं आणि पटणारं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. औदार्य नाही, संस्कृती नाही, सोफेही नाहीत. फक्त विचारण्याची किंमत आणि ती कमी करायच्या लोकांच्या युक्त्या.

मग हुशार माणसाचं काय? त्याला अडलं तर त्याने कुणाला विचारायचं? ब्लाऊ यांच्या नजरेतून हेही सुटलं नाही. हे लोक विचारत नाहीत, ते सांगतात. 'आज काय भारी केस आली माहितीये का' अशी सुरुवात करून ते अवघड केस सहकाऱ्यांना रंगवून सांगतात. ऐकणारा मान डोलावतो, एखादी शंका काढतो, आणि बोलता बोलता सांगणाऱ्याचाच गुंता सुटतो. ब्लाऊ याला वेश पालटून केलेली विचारणा म्हणतात.

आता हे वाचून पुन्हा ऑर यांच्याकडे जा. ते नाश्त्याच्या टेबलावरचे किस्से, ती रंगवून सांगितलेली बिघाडांची प्रकरणं, त्यातले किती खरोखर सांगणं होतं आणि किती वेश पालटून विचारणं? ऑर यांनी गोष्टी अप्रतिम टिपल्यात, पण हा प्रश्न त्यांनी तितका लावून धरलेला नाही. आणि त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न आहे: त्या टेबलावर जो नाश्त्याला येतच नाही, त्याचं काय? ज्याला घरी मुलं आहेत म्हणून लवकर निघायचंय, जो नवीन आहे, ज्याच्या विनोदाला बाकीचे हसत नाहीत? आपल्याकडे तर टेबलावर कोण कुणाबरोबर डबा खातं यामागे कितीतरी गोष्टी असतात. लिंग, जात, गाव, भरती कोणत्या मार्गाने झाली, सगळं त्यात येतं. टेबलावर बसून केलेल्या अभ्यासात टेबलाबाहेरची माणसं दिसत नाहीत.

ऑर यांच्या बाजूने एक साक्ष मात्र द्यायला हवी. त्यांच्या अभ्यासानंतर त्याच संशोधन केंद्रात 'युरेका' नावाची व्यवस्था उभी राहिली. सुरुवात झाली होती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगातून. बिघाड ओळखणारी संगणक-प्रणाली संशोधकांनी तंत्रज्ञांना दाखवली. तंत्रज्ञ म्हणाले, छान आहे, पण जे बिघाड आम्हाला माहीत आहेत तेच हे सांगतंय, आमचं अडतं ते माहीत नसलेल्या बिघाडांवर. मग दिशा बदलली. तंत्रज्ञांनीच शोधलेल्या क्लृप्त्या लिहून पाठवायच्या, अनुभवी लोकांनी त्या तपासायच्या आणि मग सगळ्यांना उपलब्ध करायच्या. १९९० च्या दशकात आधी फ्रान्समध्ये हे करून बघितलं, नंतर इतरत्र पसरलं. डॅनियल बॉब्रो आणि जॅक व्हेलन यांनी २००२ मध्ये याची हकिगत लिहिली आहे. त्यातला बक्षिसाचा भाग नीट वाचा. क्लृप्तीमागे पैसे द्यावेत असा विचार पुढे आला तेव्हा तंत्रज्ञांना तो रुचला नाही. त्यांना हवं होतं ते क्लृप्तीखाली स्वतःचं नाव.

नाव म्हणजे काय? ब्लाऊ यांचं नाणं! युरेका चाललं ते संगणकामुळे चाललं असं मला वाटत नाही. ते चाललं कारण मान देण्याघेण्याचा जुना व्यवहार त्याने मोडला नाही, फक्त टेबल मोठं केलं. विचारणाऱ्याला तर फायदाच झाला. क्लृप्ती वाचताना कुणाला 'मला येत नाही' असं सांगावं लागत नव्हतं.

जाता जाता मॉर्टेन हॅन्सेन यांचा १९९९ चा अभ्यासही बघून ठेवा, कारण 'जाळं जितकं दाट तितकं चांगलं' असं तुमचं गृहीतक असेल तर तो ते मोडेल. एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ४१ विभागांतले १२० प्रकल्प त्यांनी पाहिले. दूरच्या, क्वचित बोलणं होणाऱ्या ओळखी माहिती शोधायला उपयोगी पडतात. पण ज्ञान गुंतागुंतीचं असेल तर ते अशा पातळ ओळखींतून नीट पोचत नाही, त्याला घट्ट संबंध लागतात. कोणत्या प्रकारचं ज्ञान, हे आधी ठरवल्याशिवाय जाळ्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

मग प्रश्नावली टाकूनच द्यायची का? नाही. सगळ्यांना ऑर यांच्यासारखं महिनोन्‌महिने फिरता येणार नाही, फेलोशिप संपते. पण विचारताना जपा. बर्नार्ड, किलवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत दाखवलं की लोक स्वतःच्या संभाषणांबद्दल जे सांगतात आणि प्रत्यक्ष जे घडलेलं असतं, यांत बरीच तफावत असते. सांगितलेल्यातलं निम्मं कुठे ना कुठे चुकलेलं असतं असा त्यांचा कडक निष्कर्ष होता. त्यावर लिंटन फ्रीमन वगैरेंनी उत्तर दिलं की लोकांना एखाद्या दिवसाचा तपशील आठवत नसला तरी नेहमीची घडण बरोबर आठवते. दोन्ही बाजू वाचा, व्हायव्हात उपयोगी पडतील. माझा अनुभव इतकाच की 'तुम्ही सहसा ज्ञान देता का' असं विचारलं की लोक आपण कसे असायला हवं ते सांगतात, आणि 'शेवटचं कशावर अडला होतात' असं विचारलं की ते थोडा वेळ गप्प होतात. ती शांतता मला चांगली खूण वाटते.

आणखी एक, जे कोर्सवर्कमध्ये मला कोणी सांगितलं नव्हतं. जाळ्याचा अभ्यास निनावी होत नाही. कोण कुणाला विचारतं हे कळायला नावं लागतातच, आणि ज्याने तुमचा कागद भरायला नकार दिला तोही इतरांच्या उत्तरांमधून नकाशात येऊन बसतो. त्याच कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांनी मला चहा पाजून प्रेमाने सांगितलं, 'तुमचं झालं की तो तक्ता आम्हालाही द्या. कोण कामाचं आणि कोण नाही ते कळेल.' त्यांच्या मनात वाईट काही नसेलही. पण ब्लाऊ वाचल्यावर मला त्या तक्त्यात सगळ्यांच्या कमीपणाची यादी दिसायला लागली होती. मी नाही म्हटलं, आणि पुढची परवानगी मिळायला मला जास्त वेळ लागला. तुम्ही परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या की नावांसकट काहीही कुणाला दिलं जाणार नाही. नंतर लिहून मिळत नाही.

सातवं विधान मी काढून टाकलं. त्याजागी आता तीन प्रश्न आहेत: कामात शेवटचं कुठे अडलात? कुणाला विचारलंत? आणि कुणाला विचारता आलं असतं, पण विचारलं नाहीत?

नवीन कागद घेऊन मी परत काकांकडे गेले. यावेळी समोर बसून त्यांच्याशी बोलत बोलत भरला. पहिल्या प्रश्नावर ते बराच वेळ पेनशी खेळत राहिले. मग म्हणाले की पगारबिलाचं नवीन ऑनलाइन आलंय, त्यात दर महिन्याला कुठेतरी अडतं. मी दुसरा प्रश्न वाचला. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे नुसती नजर टाकली. तिथे दोन वर्षांपूर्वी लागलेली एक मुलगी बसते. 'डबा खाताना सांगते ती,' काका हळूच म्हणाले, 'मी आपला म्हणतो, काय बाई हे नवीन काढलंय, मग ती दाखवते.' मी पेन उचललं तेव्हा ते म्हणाले, 'मॅडम, तिचं नाव लिहिलंच पाहिजे का?'

मी त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळले.